आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक विलक्षण अनर्थ घडला. नाइट कॅपिटल नावाच्या दलाली पेढीस आपली नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर बसवावयाची होती. सर्व्हर म्हणजे कोठेतरी दूर अहोरात्र चालू राहून इतर संगणकांस सेवा पुरविणारा संगणक. सात सर्व्हरांवर ती बसली. आठवा राहून गेला. त्याच्यावर कित्येक वर्षे न वापरलेली जुनी आज्ञावली तशीच पडून होती. नव्या कामासाठी योजिलेला संकेत पूर्वी तिचाच होता. बाजार उघडून तो संकेत मिळताच ती जागी झाली आणि भलतेच सौदे करीत सुटली. पाऊण तासात पेढीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. तेथील नियामक मंडळाने २०१३ साली नमूद केले की, हे काम दुसऱ्या कोणी तंत्रज्ञाने तपासले नव्हते, आणि तसे तपासण्याचा लेखी नियमही पेढीत नव्हता.

अशी चूक टाळावी कशी? आज्ञावली बसविण्याचे काम दोन गोष्टींनी सुरक्षित होते. पायथन या भाषेच्या उदाहरणाने आपण त्या पाहू.

पहिली गोष्ट स्वतंत्र कप्प्याची. दोन नाटकांचे सामान एकाच पेटीत ठेवले आणि एकासाठी अंगरखा कापून आखूड केला, तर दुसऱ्या नाटकातील राजाची फजिती ठरलेलीच. संगणकावरही एका आज्ञावलीस एखाद्या साहाय्यक संचाची जुनी आवृत्ती लागते, तर दुसरीस नवी. म्हणून प्रत्येक आज्ञावलीसाठी निराळा कप्पा करतात. त्यास ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून पायथनबरोबरच ही सोय मिळते. कप्प्यात कोणते संच कोणत्या आवृत्तीचे आहेत, याची यादी एका साध्या फाईलीत लिहून ठेवता येते. मात्र हा कप्पा जसाच्या तसा दुसऱ्या संगणकावर नेऊ नये. त्याच्यात मूळ संगणकावरील ठावठिकाणे नोंदलेले असतात. यादी न्यावी आणि तिच्या आधारे तिकडे नवा कप्पा उभारावा.

दुसरी गोष्ट लेखी आज्ञांची. दूरच्या सर्व्हरशी बोलण्यासाठी ‘एसएसएच’ ही सांकेतिक लिपीने गुप्त राखलेली वाट वापरतात; ती १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी सिद्ध केली. या वाटेने हातांनी एकेक आज्ञा धाडण्याऐवजी ‘फॅब्रिक’सारखे साधन आपल्या कप्प्यात बसवावे आणि सर्व पायऱ्या क्रमाने लिहून ठेवाव्यात: नवी आज्ञावली पोहोचवावी, यादीप्रमाणे संच बसवावेत, सेवा पुन्हा सुरू करावी. सर्व्हरांची नावेही तेथेच लिहावीत. मग एका आज्ञेसरशी आठही सर्व्हरांवर तोच क्रम घडतो. एखादी पायरी फसली, तर फॅब्रिक तेथेच थांबून तसे कळविते.

तथापि एक सावधगिरी हवी. यंत्र विसरत नाही, पण विचारही करीत नाही. लिहिताना आठवे नाव गळाले, तर यंत्रही ते गाळील. आज्ञाच चुकीची असेल, तर ती आठही ठिकाणी तितक्याच निष्ठेने पाळील. म्हणून लिहिलेले दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे, आधी एका परीक्षणाच्या सर्व्हरवर करून पाहावे आणि मागील आवृत्तीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवावी.

कितीही हुशार माणूस आठव्या वेळी विसरू शकतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. कागदावर उतरलेली कृती दुसऱ्यास वाचता येते, तपासता येते आणि सुधारता येते. मनात राहिलेली कृती मात्र कोणासच तपासता येत नाही. प्रयोगवहीत कृती क्रमवार लिहा, असा आग्रह आम्ही शिक्षक धरतो तो याचसाठी.