रांग खोळंबली तरी चालेल

अगं, तू विमानतळावरच्या स्क्रीनरची परीक्षा पास झालीस आणि मावशीने अख्ख्या चाळीत पेढे वाटले, हे कळलं मला. फार बरं वाटलं. आता पाळी सुरू व्हायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. एक्स-रेच्या पडद्यावर नारिंगी म्हणजे सेंद्रिय, निळा म्हणजे धातू, हिरवा म्हणजे मधलं काहीतरी, हे तुला माझ्यापेक्षा ताजं आठवत असेल. ते मी पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते एका प्रसंगाबद्दल, जो तुझ्यावर नक्की येणार आहे. एखादी बॅग मनाला पटत नसते, मागे सामान तुंबलेलं असतं, सुपरवायझर घड्याळ बघत असतो आणि तुझा हात ‘जाऊ दे’कडे वळतो. त्या वेळी काय करायचं हे घरून ठरवूनच निघ. ऐन वेळी ठरवायला सवड मिळत नाही.

एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाची गोष्ट वर्गात एका स्लाइडमध्ये उरकली असेल. मी सावकाश सांगते, कारण आपलं बहुतेक काम त्यात आलंय. २२ जून १९८५. कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर ‘एम. सिंग’ या नावाच्या तिकिटावर एक माणूस आला. टोरांटोहून पुढे जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, प्रतीक्षा यादीत नाव होतं. तरी बॅगेला थेट दिल्लीचा टॅग लावा म्हणून तो अडून बसला. काउंटरवरच्या बाईंनी आधी नाही म्हटलं. ते बरोबरच होतं. पण तो हुज्जत घालत राहिला, मागे रांग वाढत गेली आणि शेवटी टॅग लागला. बॅग गेली. तो माणूस विमानात चढलाच नाही. माणूस नाही तर त्याची बॅग उतरवा, असं कुणीही म्हटलं नाही.

टोरांटोला त्या दिवशी सामानाचं एक्स-रे मशीन मध्येच बंद पडलं. मग पीडी-४ नावाचं, हातात धरून स्फोटकांचा वास घ्यायचं यंत्र काढलं. ते कसं चालतं हे दाखवताना त्याच्याजवळ पेटती काडी धरली होती, तेव्हा ते मोठ्याने किंचाळलं होतं. बॅगा तपासताना एका बॅगेच्या कुलपापाशी मात्र ते हलकंच वाजलं. हलकं वाजलं तर काय समजायचं आणि काय करायचं, हे तपासणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. दाखवताना ऐकलेला आवाज असा नव्हता, म्हणून बॅग पुढे गेली. पुढच्या थांब्यावर, माँट्रियलला, तीन बॅगा संशयावरून खाली ठेवल्या, पण विमान थांबवलं नाही. स्फोटकं हुंगणारा कुत्रा पोचला तेव्हा ते उडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१,००० फुटांवर स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. त्यांत ऐंशीहून जास्त लहान मुलं होती. सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली कुटुंबं होती ती. ते विमान लंडन, दिल्ली करत आपल्या मुंबईला यायचं होतं. त्याच दिवशी जपानमध्ये नारिताला दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार जागीच गेले. आपल्यासारखेच पाळीवर आलेले.

त्या काउंटरवरच्या बाईंना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. त्यांना पहिल्यांदा जे वाटलं ते अचूक होतं. त्यांच्या ‘नाही’च्या पाठीशी कुणी उभं नव्हतं, एवढंच. पुढे कॅनडाने न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. त्यातून एकामागून एक सुटलेल्या गोष्टींची साखळीच समोर येते. एवढ्या ठिकाणांपैकी एका ठिकाणी जरी कुणी ‘थांबा’ म्हणून अडून बसलं असतं, तर? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

तुझ्या प्रमाणपत्रावर ज्या ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीचं नाव आहे, तो १ एप्रिल १९८७ ला स्वतंत्र खातं झाला तो कनिष्कमुळेच. त्याआधी १९७८ पासून तो डीजीसीएमधला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला, नुसता एक कक्ष होता. म्हणून सांगते, पॅसेंजर चढला नाही तर त्याची बॅग उतरवायचीच, या नियमाला कुणी नाकं मुरडली तर ऐकून घे आणि बॅग उतरव. हजार बॅगांतून एक शोधायची म्हणजे विमान अर्धा तास खोळंबतं, लोडर वैतागतात, लोक केबिनमध्ये घामाघूम होतात. होऊ देत.

आता पडद्याचं. तिथे बसणं हे तांदूळ निवडण्यासारखं आहे. पहिल्या ताटात खडा लगेच दिसतो, दहाव्या ताटात डोळा नुसता फिरत राहतो. म्हणून तर पडद्यावरचा माणूस साधारण वीस मिनिटांनी बदलतात. बदली यायला उशीर झाला तर गप्प बसून ओढू नकोस, हाक मार. त्यात कसला आलाय कमीपणा? आणि यंत्र मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल किंवा खोटा बॉम्ब घालतं ना, ती टीआयपी, तिला घाबरू नकोस. काही मुली तिच्या धास्तीने प्रत्येक बॅगेवर बटण दाबतात, काही जणी चुकलेली टीआयपी लपवायला बघतात. दोन्ही वाईट. महिन्याच्या तक्त्यात कुठल्या तऱ्हेची चित्रं सुटली ते बघ आणि तेवढीच पुन्हा पुन्हा गिरव. विमानतळावर खरी वस्तू वर्षानुवर्षं दिसत नाही. नजर जिवंत ठेवायला त्या खोट्या चित्रांशिवाय आपल्याकडे दुसरं फारसं काही नाही.

पण यंत्रावर सगळा भार टाकू नकोस गं. १७ एप्रिल १९८६ ला लंडनच्या हीथ्रोवर एक गर्भवती आयरिश तरुणी तेल अवीवच्या विमानाला निघाली होती. तिची बॅग विमानतळाच्या एक्स-रेतून पार झाली होती. एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी मात्र तिला साधे प्रश्न विचारले. कुठे चाललीस, कुणाकडे, बॅग कुणी दिली? उत्तरं जुळेनात. बॅग रिकामी केली तरी जड लागली. खोट्या तळाखाली दीड किलो सेमटेक्स स्फोटक निघालं. ती बॅग तिच्या होणाऱ्या नवऱ्याने दिली होती, तिच्या पोटातल्या बाळाच्या बापाने. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. पावणेचारशे माणसं वाचली आणि तीही वाचली.

हे मी मुद्दाम सांगते. तुझ्यासमोर बॅग घेऊन उभा असलेला माणूस स्वतःच फसवला गेलेला असू शकतो. म्हणून ‘बॅग तुम्हीच भरलीत का? कुणी काही न्यायला दिलंय का?’ हे प्रश्न पोपटासारखे म्हणू नकोस. डोळ्यांत बघून विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब. गडबडला म्हणजे गुन्हेगार, असंही धरू नकोस. पहिल्यांदा विमानात बसणारी गावाकडची माणसं गडबडतातच. कपडे, भाषा, आडनाव बघून संशय घेणाऱ्याला मी वाईट स्क्रीनर म्हणते, कारण तो जिथे बघायला हवं तिथे बघतच नाही.

आपल्याच वर्दीकडेही डोळे उघडे ठेवून बघ. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीला उभं होतं. अपहरणकर्ते विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या वेशात, तशाच दिसणाऱ्या गाडीतून थेट विमानापर्यंत आले. त्या विमानातली हवाई सेविका नीरजा भनोत, तिचं धैर्य आपण सगळे सांगतो, आणि सांगावंच. तेवीस वर्षंही पुरी झाली नव्हती तिला. पण त्यात प्रशिक्षणाचा भाग केवढा होता बघ. शिकवलं होतं तसं केबिनमधून कॉकपिटला लगेच कळवलं गेलं, वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निसटले आणि विमान कराचीतून हललंच नाही. म्हणून ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघ, रोज चहा पाजणारा दादा असला तरी. २०१६ मध्ये मोगादिशूला लॅपटॉपमधला बॉम्ब तपासणीच्या पलीकडे माणसाच्या हातात दिला तो विमानतळावर काम करणाऱ्यांनीच. तुझा स्वतःचा पास कुणालाही, अगदी दोन मिनिटांसाठीही, देऊ नकोस. मैत्रीण रुसली तर रुसू दे.

लॅडर पॉइंटवर, विमानाच्या शिडीपाशी, बायकांची झडती घेशील तेव्हा आधी सांग की आता मी हात लावणार आहे, आणि मगच लाव. नऊवारीतल्या आजी, नुकतीच बाळंत झालेली, डोक्यावर पदर घेतलेली, कुणालाही चारचौघांत उघडं पाडायचं नाही. २०२१ मध्ये अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी पंतप्रधानांना जाहीर विनंती केली होती, की तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावू नका. मला फार लागलं ते. स्फोटकाचे कण टिपणारी पट्टी असते, पडद्याआड खुर्ची देता येते, गोड शब्दाला तर पैसे पडत नाहीत. तपासणी पुरी करायची, पण माणसाचा मान ठेवून.

आणि खोबरं! गणपतीनंतर आणि मे महिन्यात तुझ्यापुढे सुकं खोबरं येत राहणार. लोकांना खरंच माहीत नसतं, की त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरलं जातं. पॉवर बँक खाली जाणाऱ्या सामानात का नको, हेही माहीत नसतं. खाली सामानाच्या कप्प्यात बॅटरी पेटली तर ती दिसणार कुणाला? केबिनमध्ये निदान हाताशी माणसं असतात. कारण सांगितलंस की दहांतले नऊ जण ऐकतात. नुसतं ‘अलाउड नाही’ म्हटलंस की भांडण होतं, आणि भांडणात तुझी नजर पुढच्या बॅगेवरून हटते. मला काळजी त्याची वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानांना खोट्या धमक्यांचा पूर आला होता, काही दिवसांत शेकडो. धमकी खरी किती, खोटी किती, हे ठरवायला बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी असते. तू आपल्या मनाने ‘ही पण खोटीच’ म्हणू नकोस. धमकीचा फोन तुझ्याच हाती आला तर घाबरून ठेवून देऊ नकोस. समोरच्याला बोलतं ठेव, शब्द जसेच्या तसे लिही, मागचे आवाज लिही.

लिहिण्याची सवय तर पहिल्या दिवसापासून लाव. बॅग थांबवलीस की वेळ, टॅग नंबर, चित्रात नेमकं काय आणि कुठे दिसलं, कुणाला कळवलं, हे तिथल्या तिथे नोंदवहीत उतरव. नुसतं ‘संशयास्पद’ लिहिलंस तर पुढच्या पाळीला त्यातून काही कळत नाही. सुपरवायझर ‘सोड’ म्हणाले तर अदबीने सांग, ‘सर, माझी खात्री झालेली नाही. तुम्ही बघून सही करा.’ बहुतेक जण सही करायच्या आधी बॅग उघडून बघतात. उघडल्यावर आत लोणच्याची बरणी निघाली तर झाकण घट्ट लावून परत ठेव, माफी मागत बसू नकोस, आणि पुढची बॅग घे.