पाइन वृक्षाचा चिमुकला शत्रु

कित्येक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतून उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी सांप्रत कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत सहकुटुंब राहतो. गेल्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत त्याचें पत्र आलें. सोबत एक छायाचित्र होतें. घरामागें पाइनचीं सात-आठ उंच झाडें. त्यांतील एक शेंड्यापासून खालपर्यंत विटेसारखें तांबडें झालेलें, बाकीचीं हिरवींगार. "सर, तुम्हीं आम्हांला वनस्पतिशास्त्र शिकविलेंत," असें तो लिहितो, "तर ह्या तांबड्या झाडाला कोणतें औषध द्यावें तें कळवा. माझ्या मुलांचा झोपाळा त्यालाच बांधलेला आहे."

उत्तर लिहिण्यापूर्वीं मला स्वतःला पुष्कळ वाचावें लागलें. जें समजलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें. कारण त्यांतील मुख्य धडा आपल्या आंब्यांना व माडांनाही लागू पडतो.

पाइन म्हणजे सुयांसारख्या पानांचा वृक्ष. हिमालयांतील त्याच्या एका जातीला चीड म्हणतात. त्याच्या ज्या शत्रूविषयीं आपण बोलत आहों, त्याला इंग्रजींत माउंटन पाइन बीटल हें नांव आहे. हा काळसर भुंगेरा सुमारें ५ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा असतो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ हॉपकिन्स ह्यांनीं १९०२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. तो ज्या वंशांत मोडतो त्या डेंड्रोक्टोनस ह्या नांवाचा अर्थच मुळीं 'वृक्षघातक' असा आहे.

एवढासा किडा प्रचंड वृक्षाला मारतो तरी कसा? ह्यासाठीं खोडाची रचना आठवावी. बाहेरच्या जाड सालीच्या आंत एक मऊ अंतरसाल असते. पानांनीं तयार केलेलें अन्न तिच्यांतून मुळांकडे जातें. तिच्याही आंतील कोंवळ्या लांकडांतून मुळांनीं शोषलेलें पाणी वर चढतें. भर उन्हाळ्यांत, बहुधा जुलै-ऑगस्टांत, मादी साल पोखरून आंत शिरते व एक प्रकारचा गंध सोडते. त्या गंधाच्या हांकेनें थोड्याच दिवसांत शेंकडों भुंगेरे त्याच झाडावर येऊन पडतात. झाडही स्वस्थ बसत नाहीं. तें छिद्रांतून चिकट राळ सोडून शत्रूला बाहेर लोटूं पाहतें. भुंगेरे थोडे आणि झाड सशक्त असेल तर तें जिंकतेंही. परंतु अवर्षणानें अगर वार्धक्यानें तें दुबळें झालें असेल, किंवा हल्लेखोर फारच झाले, तर राळ पुरी पडत नाहीं. मग मादी अंतरसालींत उभें बीळ कोरून अंडीं घालते. अळ्या आडवीं बिळें कोरीत सुटतात आणि मुळांचें अन्न तुटतें. भुंगेऱ्यांनीं आपल्या मुखाजवळच्या खांचांतून आणलेली निळी बुरशी लांकडांत पसरून पाण्याचीही वाट अडविते. एकाच वेळीं भूक व तहान, दोहोंनीं झाड मरतें.

आतां लक्षणें पाहूं. तीं पुढीलप्रमाणें ओळखावीं :

(१) खोडावर, छिद्रांच्या तोंडाशीं, लाह्यांसारखे पांढुरके अथवा तांबूस राळेचे गोळे दिसतात.

(२) सालीच्या भेगांत व बुंध्याभोंवतीं तांबूस भुसा सांचतो. झाड फार सुकलेलें असेल तर राळ निघत नाहीं. केवळ भुसाच दिसतो.

(३) साल थोडी सोलली असतां उभें बीळ आढळतें. तें खालच्या टोंकाशीं छत्रीच्या मुठीप्रमाणें वळलेलें असतें.

(४) बुंधा कापला असतां बाहेरच्या बाजूचें लांकूड निळसर दिसतें.

(५) अळ्यांच्या शोधांत सुतार पक्षी साल टोंचून तिचे कपचे खालीं पाडतात.

पानांचा रंग मी मुद्दाम ह्या यादींत घातला नाहीं. झाड उन्हाळ्यांत पोखरलें गेलें तरी हिंवाळाभर त्याचीं पानें हिरवींच राहतात. तीं पिवळीं व पुढें तांबडीं होतात तीं दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यांत. बहुधा त्याच सुमारास आंतले भुंगेरे पूर्ण वाढून, साल फोडून, शेजारच्या हिरव्या झाडांवर उडून जातात. म्हणजे सप्टेंबरांतलें तांबडें झाड हें शत्रूनें सोडून दिलेलें घर होय. शत्रु आहे तो शेजारच्या हिरव्या झाडांत!

हेंच मीं त्या विद्यार्थ्यास कळविलें. त्याच्या तांबड्या झाडाला जगांत औषध नव्हतें. उपाय करावयाचा तो बाकीच्या झाडांसाठीं. जीं पोखरलीं गेलीं असतील तीं पुढच्या जुलैपूर्वीं तोडून जाळावीं, अथवा त्यांची साल पूर्ण सोलून टाकावी. नुसते ओंडके करून अंगणांत रचल्यास भुंगेरे त्यांतूनही बाहेर पडतात. निरोगी झाडांच्या खोडांवर उड्डाणापूर्वीं जाणकाराकडून कीटकनाशक फवारून घेतां येतें. मात्र कीड आंत शिरल्यावर त्याचा उपयोग नाहीं. 'येथें जागा उरली नाहीं' असें इतर भुंगेऱ्यांना सांगणारा वर्बेनोन नांवाचा गंध असतो. त्याच्या पिशव्या झाडांना टांगतात. भुंगेरे थोडे असतां त्या कामीं येतात, साथ भडकल्यावर फारशा नाहींत. कायमचा उपाय म्हणजे दाटी विरळ करून व अवर्षणांत पाणी देऊन झाडें सशक्त ठेवणें.

निसर्गाचाही एक उपाय आहे. शून्याखालीं ४० अंशांची थंडी कांहीं दिवस टिकली तर सालीखालच्या अळ्या मरतात. परंतु अलीकडे हिंवाळे सौम्य झाले, आणि वणवे विझवीत गेल्यामुळें म्हाताऱ्या पाइनचीं सलग वनें वाढलीं. परिणामीं १९९० नंतरच्या दशकांत उसळलेल्या साथीनें एकट्या ब्रिटिश कोलंबियांत सुमारें १ कोटि ८० लाख हेक्टर वनास कमी-अधिक उपद्रव दिला. हें क्षेत्र आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरतें.

माझ्या पत्राचें उत्तर डिसेंबरांत आलें. त्यानें मुलांसह प्रत्येक खोड तपासलें, तों दोन हिरव्या झाडांवर त्या लाह्या सांपडल्या. मुलें म्हणालीं, "बाबा, मेलेलें झाड ठेवतां आणि जिवंत तोडतां?" हा प्रश्न मुलांनीं विचारावा असाच होता. त्यानें साल सोलून आंतल्या अळ्या त्यांना दाखविल्या. मग तीं रडलीं, पण आड आलीं नाहींत. दोन्ही झाडें हिंवाळ्यांतच तोडून जाळण्यांत आलीं. यंदाच्या सप्टेंबरांत उरलेल्या खोडांवर भुसा अगर राळ आढळली नाहीं, असें तो कळवितो. तरीही दर वर्षीं बुंध्याशीं जाऊन पाहण्याचा नेम मुलांनीं स्वतःच घेतला आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडे पाइनचीं वनें नाहींत. पण आंब्याच्या खोडांत भिरूड असतेंच. तिचीही पहिली खूण पान नव्हे, तर छिद्रांतून गळणारा भुसा होय. त्याच वेळीं तारेच्या आंकड्यानें अळी बाहेर काढली तर झाड वांचतें. माडाच्या शेंड्याला छळणारा गेंडा भुंगा शेणखताच्या ढिगांत व कुजक्या ओंडक्यांत वाढतो. म्हणून नजर शेंड्याकडे ठेवून भागत नाहीं, ढीगही उपसावा लागतो. येत्या सुटींत घरच्या वडील माणसांबरोबर बागेंत जा, आणि झाड हिरवें आहे म्हणून दुरूनच परत फिरूं नका. बुंध्याशीं बसा, सालीवरून हात फिरवा, आणि भुसा कोठें पडला आहे तें पाहा.