एच-इंडेक्स : सॉर्टिंगचं छोटंसं गणित

प्रोजेक्ट गाईड निवडायची वेळ आली की हॉस्टेलवर हमखास एक वाक्य ऐकू येतं, "सरांचा एच-इंडेक्स किती रे?" पण तो निघतो कसा, असं विचारलं की सगळे गप्प. खरं तर डेटा स्ट्रक्चर्सच्या लॅबमधलं सॉर्टिंग जमत असेल तर तो वहीतही काढता येतो.

२००५ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोचे फिजिक्सचे प्राध्यापक हिर्श यांनी ही कल्पना मांडली. ज्याच्या निदान एच पेपरना प्रत्येकी निदान एच सायटेशन्स आहेत, त्याचा इंडेक्स एच. अर्थात अशा आकड्यांतला सर्वात मोठा. (सायटेशनला 'उद्धरण' म्हणावं तर मेसमध्ये कुणाला कळायचं नाही!)

समजा, सात पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन्स ६, ४१, ३, ९, ५, ०, ४. उतरत्या क्रमाने लावा : ४१, ९, ६, ५, ४, ३, ०. आता १ पासून नंबर टाकत चला. चौथ्या नंबरला ५, म्हणजे चालतंय. पाचव्याला ४ च, थांबा. एच-इंडेक्स ४.

यादी शे-दोनशे पेपरची असेल तर बबल सॉर्टही पुरतो. पण गंमत म्हणजे सॉर्टिंग टाळताही येतं. इंडेक्स पेपरच्या संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणून ० ते ७ असे आठ डबे घ्यायचे, ७ च्या वरचं सगळं ७ च्या डब्यात टाकायचं आणि वरून खाली बेरीज करत यायचं. ७ ला २, ६ ला ३, ५ ला ४, आणि ४ च्या डब्यापाशी बेरीज ५ होते. डब्याच्या नंबराला बेरीज पुरली, उत्तर ४. वेळ ओ ऑफ एन.

आता आकड्यांशी जरा खेळू. ४१ च्या जागी ४१०० करा. इंडेक्स ४ च राहतो! पण पाचव्या पेपरच्या ४ चे ५ केले की तो लगेच ५ होतो. म्हणजे चार हजार सायटेशन्सना जे जमलं नाही ते एकाने केलं, आणि ते एक सायटेशन लेखक स्वतःच्या पुढच्या पेपरमध्ये स्वतःच देऊ शकतो. स्कोपसमध्ये अशी स्वतःची सायटेशन्स वगळायची सोय आहे, ती जरूर वापरा.

शिवाय वय वाढलं तरी हा आकडा कधी कमी होत नाही. त्यामुळे नुकत्याच जॉईन झालेल्या मॅडम आणि रिटायरमेंटला आलेले सर यांची तुलना मला तरी पटत नाही. मी तीच यादी सायटेशन्सऐवजी वर्षानुसार सॉर्ट करून बघते. गेल्या तीन वर्षांत कोण कशावर काम करतंय ते तिथे दिसतं.