नळीला मानवेल तोच छर्रा

दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर झाडायचा छर्रा 4.5 मिमीचा. पनवेलला नेमबाज घडवणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत 400 पैकी 400 गुण केले. तिथे एकही छर्रा चुकार निघून चालला नसता. परदेशात काही रायफलवाले अचूकतेसाठी घरी काडतुसं भरतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊच नये. एअर रायफलवाल्याच्या हाती राहते ती छर्र्यांची निवड, आणि ती नीट केली तर पुष्कळ आहे.

थळसारख्या किनाऱ्यावरच्या गावात वाडीत नेमबाजी करू नका. नारळी-पोफळीच्या आड कोण ये-जा करतंय ते दिसत नाही. बंद दाराची लांब खोली घ्या, मागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. शिसं कठीण जागी आपटून उलटं येतं.

आता छर्रे. एकाच डब्यावर भिस्त ठेवू नका. सपाट तोंडाचे, 0.53 ग्रॅमच्या आसपासचे स्पर्धेचे छर्रे घ्या, पण डोक्याचा व्यास वेगवेगळा: 4.49, 4.50, 4.51. प्रत्येक डब्यावरचा बॅच क्रमांक वहीत उतरवा. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो, आणि आपल्या नळीला कुठली मानवेल हे नळीच सांगते.

रायफल वाइसमध्ये कापड गुंडाळून पक्की करा. वाइस नसेल तर पिशव्यांवर टेकवा. पिशव्यांत किनाऱ्यावरची वाळू मात्र भरू नका, तिच्यातलं मीठ धातूला गंज आणतं. तांदूळ भरलेले बरे. नळी नुकतीच साफ केली असेल तर सुरुवातीचे छर्रे मोजणीत धरू नका, ती पुन्हा स्थिरावायला वेळ घेते. मग प्रत्येक बॅचचे दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी झाडा. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा. दहा छर्रे मिळून साडेपाच मिलिमीटरच्या आत राहिले तर बॅच उत्तम. अशा दहा छर्र्यांच्या एकाच ग्रुपवर निकाल देऊ नका. प्रत्येकीचे निदान तीन ग्रुप घ्या आणि त्यातला वाईट ग्रुप बघा, कारण स्पर्धेत तोच गुण खातो. जी बॅच जिंकेल तिचेच डबे एकदम घेऊन ठेवा.

पुढचं काम डोळ्यांचं. डबा उपडा करून ओतू नका. मऊ कापडावर थोडे थोडे छर्रे काढा आणि उजेडाकडे धरून मागचा घेर बघा. घेर दबलेला, चिरलेला किंवा लंबगोल झालेला असेल तर छर्रा बाजूला. मागून येणारी हवा याच घेराला फुलवून नळीला चिकटवते. घेर वाकडा असेल तर हवा एका अंगाने आधी निसटते आणि छर्रा नळीच्या तोंडाशीच डगमगतो. काचेवर हळूच घरंगळत सोडूनही बघा: छर्रा गोल वळण घेत जातो, आणि ज्याचं वळण बाकीच्यांसारखं नाही तो काढून टाका.

वजन करणं शेवटी. बरेच जण याच पायरीने सुरुवात करतात, पण हिशोब बघा. 175 मीटर दर सेकंदाच्या वेगाने छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे 16 ते 17 मिमी खाली येतो. वजनात एक टक्का, म्हणजे 5 मिलिग्रॅम फरक असला तर वेग साधारण अर्धा टक्का बदलतो आणि छर्रा जेमतेम 0.17 मिमी वरखाली लागतो. गुणांचा दशांश बदलायला 0.25 मिमी लागतात. म्हणून आधी बॅच, मग घेर, मग वजन. तरीही 10 किंवा 15 मिलिग्रॅमने वेगळे पडणारे छर्रे शोधायला काटा हवाच. एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, पंखा बंद करा. थळला सकाळी जमिनीवरून येणारी मतलई थांबते आणि समुद्रावरचा वारा उठायचा असतो, तेवढा वेळ या कामाला चांगला. वाऱ्याच्या झुळकेने आकडे नाचतात. काटा आधी थोडा वेळ चालू ठेवा, दर वीसेक छर्र्यांनंतर शून्य तपासा, आणि 5 मिलिग्रॅमच्या टप्प्याने छर्रे बर्फाच्या ट्रेच्या खणांत टाका. मधल्या खणांतले स्पर्धेला, टोकाचे सरावाला.

निवडलेले छर्रे पाण्याने धुऊ नका. पावसाळ्यात इथल्या दमट, खारट हवेत उघड्या शिशावर पांढरी भुकटी धरते. घट्ट झाकणाच्या डबीत फोमच्या खाचांत एकेक छर्रा बसवा, सिलिका जेलची पुडी टाका, डबीवर बॅच क्रमांक आणि वजनाचा टप्पा लिहा.

छर्रे तोंडात धरण्याची सवय काही मुलांना असते. ती पहिल्याच दिवशी मोडा, शिसं विषारी आहे. काम संपलं की साबणाने हात धुवा, कापड वेगळं ठेवा, आणि जेवणाच्या टेबलावर हा पसारा कधीच मांडू नका.