काळ्या पाषाणातील स्फटिक : संग्रह आणि नोंद

मराठवाड्यात विहिरीचे खोदकाम काळ्या खडकापर्यंत पोहोचले की सुरुंगाने फुटलेल्या दगडांत काही वेळा पांढरे, चकाकणारे खडे दृष्टीस पडतात. त्यांना सरसकट 'गारगोटी' म्हटले जाते व दगडांच्या ढिगावर टाकून दिले जाते. महाराष्ट्रातील अशाच खड्यांना जगातील नामांकित खनिजसंग्रहालयांत मानाचे स्थान आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचा बेसाल्ट खडक तयार झाला. परभणी जिल्ह्याचा बहुतांश भाग याच खडकावर वसला असून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांकाठी त्यावर गाळ साचलेला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातील द्रव्ये या पोकळ्यांत साचून स्फटिक वाढले. त्यांपैकी झिओलाइट गटास १७५६ साली स्वीडनचे क्रोन्स्टेट यांनी 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. कारण तापविल्यावर त्यातील पाणी उसळून बाहेर पडते.

या स्फटिकांचा इतिहास हा मुख्यतः अन्य कामांसाठी झालेल्या खोदकामाचा इतिहास होय. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेताना डोंगर फोडण्यात आले व तेथील अपोफिलाइटचे नमुने युरोपात पोहोचले. पुढे विहिरी आणि खडीच्या दगडखाणी हेच नमुन्यांचे प्रमुख स्रोत ठरले. निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले व १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे सर्वोत्कृष्ट नमुने पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींनी दिले.

शिक्षकांना प्राथमिक ओळख सहज करून देता येईल. क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी, काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइटच्या चूर्णावर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे येतात. स्टिल्बाइट अनेकदा मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे दिसते, तर स्कोलेसाइटचे स्फटिक सुयांसारखे बारीक असतात. शंका उरल्यास महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाचा सल्ला घ्यावा.

तथापि, नुसता खडा जमविणे म्हणजे संग्रह नव्हे. गाव, गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली, सापडल्याची तारीख आणि खडकाचा प्रकार यांची चिठ्ठी जोडली गेली तरच नमुन्यास अभ्यासमूल्य येते. विहीर बांधून झाली की तिच्यातील खडक पुन्हा दिसत नाही. म्हणून ही नोंद खोदकाम सुरू असतानाच झाली पाहिजे. स्फटिक मूळ दगडासह ठेवावा, घासूनपुसून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा.

नमुने बाहेर काढून टाकलेल्या दगडांतूनच आणि जमीनमालकाच्या संमतीने घ्यावेत. विद्यार्थ्यांना विहिरीत अथवा दगडखाणीत उतरू देऊ नये. शालेय संग्रहाच्या निमित्ताने कोठेही नवे उत्खनन होता कामा नये. त्यास २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत.

ग्रामपंचायतीने विहिरीच्या कामावरील मुकादमास सूचना द्यावी आणि शाळेने एक कपाट व एक नोंदवही ठेवावी. एवढ्या साधनांवर गावाच्या भूगर्भाची माहिती पुढील पिढीसाठी जतन करता येईल आणि पाण्याचा शोध घेणाऱ्या भूवैज्ञानिकांनाही या नोंदींचा उपयोग होईल.