साईट चालंना, उद्या या

कळंब तालुक्यातल्या एका गावात, एसटी थांब्याच्या बाजूला माझं सेवा केंद्र आहे. दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याची मशीन, इन्व्हर्टर आणि बाहेर लोखंडी बाकडं. दारावर आधी ‘महा ई-सेवा केंद्र’ अशी पाटी होती, मग ‘आपले सरकार’ आली. बाकडं तेच राहिलं. या बारा वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य मी शीर्षकात दिलंच आहे. ते म्हणता म्हणता जे कळलं, ते खाली लिहितो. आकडे घातलेत ते माणसांना टोकन देऊन देऊन लागलेल्या सवयीमुळे. पहिला धडा मोठा आणि शेवटचा लहान, असं काही नाही.

१. आपला जिल्हा कोणत्या अक्षरात बसलाय, ते आधी शोधावं.

सप्टेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि उस्मानाबाद जिल्ह्याचा कागदोपत्री धाराशिव झाला. आधीचं नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं. धाराशिव हे नाव त्याहून जुनं, लेण्यांमुळे सगळ्यांच्या ओळखीचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मे २०२४ मध्ये नामांतर कायम झालं, पुढे रेल्वे स्थानकाची पाटीही बदलली. पोर्टलला मात्र हे कुणी सांगितलं नाही. एका साईटवर आम्ही धुळ्याच्या वर, इंग्रजी ‘डी’त. दुसरीवर अजून ‘ओ’त. तिसरीवर दोन्हीकडे, आणि चुकीचं नाव निवडलं की तालुक्यांची यादी कोरी येते. ४१३५०१ हा पिन टाकला की काही साईट स्वतःच्या मनाने जुनं नाव भरून घेतात आणि मग ते खोडू देत नाहीत.

गेल्या वर्षी बारावीची एक पोरगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. आधारवर उस्मानाबाद, रहिवासी दाखल्यावर धाराशिव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुन्हा उस्मानाबाद. पोर्टल म्हणालं, पत्ता जुळत नाही. तिने विचारलं, “दादा, मी दोन जिल्ह्यांत राहते का?” हसायला आलं, पण अर्ज काही त्या दिवशी गेला नाही. आधार बदलायला तिला तालुक्याला दोन खेपा पडल्या, बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली. नाव बदलण्याच्या बाजूने किंवा विरोधात मला काही म्हणायचं नाही. ज्या दिवशी अधिसूचना निघते, त्याच दिवशी सगळ्या याद्या बदलायची जबाबदारी कुणाच्या तरी गळ्यात पडायला हवी, एवढंच. उस्मानाबादी शेळीचं नाव तेवढं तसंच राहिलंय आणि तिचं कुठे अडलेलं ऐकलं नाही. आता जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारतात, तेव्हा पुढचं पुढे.

२. अंगठा दाबून दाबून उठत नाही.

नवीन पोरगं मशीनवर बसलं की ग्राहकाचा अंगठा धरून काचेवर दाबतं. रेषा पसरतात, मशीन लाल होते. मी काय करतो सांगतो. ओल्या फडक्याने बोट पुसायचं, कोरडं करायचं, मग माणसाला स्वतःच्या केसांतून एकदा फिरवायला सांगायचं, म्हणजे जरासं तेल लागतं. अंगठ्यावर अडून बसायचं नाही. खुरपं धरणाऱ्या बायकांचं मधलं बोट बऱ्याचदा चालतं, कारण मूठ आवळली की अंगठा आणि पहिलं बोट घासतं. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाला मी पहिले दहा-बारा दिवस बोलवतच नाही. हाताची कातडी सोलून नवी यायची असते.

अशीच एक मावशी निराधारच्या पैशासाठी तीनदा आली. तिसऱ्या खेपेला मशीन लाल झाली, तशी तिने हात वर करून बोटं माझ्यासमोर धरली. “बघ की रं, हायत का न्हाईत?” बोटं होती. रेषा नव्हत्या. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात राबून गुळगुळीत झालेली बोटं. आता चेहरा दाखवूनही काम होतं, पण तेव्हा तिला सिद्ध करायचं होतं की ती तीच आहे, आणि पुरावा तिच्या कामानेच पुसून टाकला होता.

३. ७२ तास मोजायचे कुठून, हे शेतकऱ्याला विचारून ठरत नाही.

हा धडा जरा लांब आहे, कारण अख्ख्या जिल्ह्याने तो एकदम घेतला. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर पाऊस झाला तो पाऊस नव्हता. काढून ढीग लावलेलं सोयाबीन ओढ्याने गेलं, उभं होतं त्याला शेंगेतच कोंब फुटले. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं: ॲपवरून, टोल फ्री नंबरवर, नाहीतर बँक किंवा कृषी खात्यामार्फत. नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या टेबलावर तेव्हा दिवा चालू असणार. आमच्याकडे खांब आडवे, टॉवरची बॅटरी संपलेली, करोनाची भीती ताजी. टोल फ्री नंबर लागला तर गाणं वाजायचं. माझ्या दुकानात इन्व्हर्टरवर एक संगणक तीन तास चालला, मग तोही बसला. बाहेर पन्नास-साठ माणसं भिजत उभी. मी आत बसून तेच म्हणत होतो, साईट चालंना.

मग कंपनीचं म्हणणं आलं: तुम्ही वेळेत कळवलं नाही. महसूल आणि कृषी खात्याचे पंचनामे झालेले होते, नुकसान सरकारदरबारी नोंदलेलं होतं, पण ॲपमध्ये नव्हतं. ॲपमध्ये नाही म्हणजे झालंच नाही. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्यायचा आदेश दिला, कंपनीने दिली नाही तर राज्य सरकारने द्यावी असंही सांगितलं. पुढे सर्वोच्च न्यायालयातही कंपनीला तो आदेश उलटवता आला नाही. रकमेवरून ओढाताण मग बराच काळ चालू राहिली, ती वेगळी गोष्ट.

निकालाची बातमी आली त्या दिवशी एक तात्या दुकानात येऊन बसले. त्यांचं नाव यादीत असणार होतं. खूश असतील असं वाटलं. ते म्हणाले, “म्हंजी मी खोटं बोलत नव्हतो, हे दिल्लीपस्तोर जाऊन ठरलं व्हय?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्या पावसात दुकानाबाहेर ते उभे होते, मी त्यांना परत पाठवलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

४. प्रत्येक एररचा फोटो काढून ठेवा. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे.

यापेक्षा जास्त काही सांगायचं नाही. न्यायालयात नसेल, पण तहसीलच्या खिडकीवर तो फोटो दहा वेळा कामाला आलाय.

५. ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ याचा अर्थ तक्रार संपली, अडचण नव्हे.

दुकानाचं इंटरनेट एकदा अकरा दिवस बंद होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उचकटली होती, मी स्वतः पाहिली, दोन्ही टोकं वर आलेली. रोज तक्रार केली. रोज संध्याकाळी मेसेज यायचा की आपली तक्रार सोडवली, आम्हाला पाचपैकी किती गुण द्याल? फोनवरचा मुलगा गोड बोलायचा, पण त्याला एकच उपाय माहीत: “सर, राउटर बंद करून चालू करा.” मी म्हणालो, बाबा, केबल तुटून रस्त्यावर पडलीय. तो म्हणाला, तरी एकदा करून बघा. केलं. काय करणार. त्या मुलाचा राग येत नाही. त्याच्याही समोर एक यादी आहे, आणि तिच्यात ‘जेसीबी’ हा पर्याय नाही.

महिना २८ दिवसांचा असतो हेही मला मोबाईल कंपन्यांनीच शिकवलं. वर्षाला तेरा रिचार्ज होतात. २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवायला लावलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे प्लॅन द्या असं सांगितलं, कारण ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे तोही इंटरनेटचे पैसे भरत होता. आमच्या गावात असे प्लॅन मागायला अजून कुणी येत नाही. असतात हेच माहीत नाही, आणि दुकानदार आपणहून दाखवत नाही. दुकानदार म्हणजे मीही.

६. योजना आधी जाहीर होते, तिचा सर्व्हर मागाहून येतो.

लाडकी बहीणचं सगळं गाव जाणतं. २०२४ च्या जुलैत अर्ज सुरू झाले तेव्हा मी रात्री दोनला उठून बसायचो, कारण दिवसा ओटीपी येत नसे. माझी बायको चहा ठेवायची आणि बाहेर पंधरा-वीस बायका बाकड्यावर, पायरीवर, काही टेम्पोत बसलेल्या. जत्राच. पण खरी गंमत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा. बाईने स्वतःचं आधार टाकायचं, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी. आता जिचा नवराही गेला आणि वडीलही, तिने काय करायचं? पडद्यावर दोनच पर्याय. माझ्याकडे आलेल्या अशा एका अक्काने विचारलं, “दिराचं चालंल का?” नाही चालत अक्का. “मग वरून आणावा लागंल ओटीपी.” नंतर मुदत वाढली, त्या बायकांसाठी वेगळी वाट काढली. पण विधवांसाठीही असलेल्या योजनेच्या फॉर्ममध्ये विधवा बसत नाही, हे सुरू व्हायच्या आधी एकाही माणसाच्या लक्षात येऊ नये? मुंबईत बसून नव्हे, कुठल्याही गावच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसून कळलं असतं.

७. आधी स्वतःचा मोबाईल उघडून बघावा.

इतरांना शिव्या घालून झाल्यावर हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी वाचली, की २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अखेर आले. कायदा झाल्यावर नियम यायला दोन वर्षं, म्हणून मी नेहमीप्रमाणे कुरकुरलो. मग सहज फोनची गॅलरी उघडली. आधार कार्डं, पासबुकं, सातबारे, बायाबापड्यांचे फोटो, लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, आणि मी कधीच न पुसलेले. मोजायला सुरुवात केली, चारशेच्या पुढे सोडून दिलं. तो फोन माझा पोरगा गेम खेळायला घ्यायचा. त्या रात्री बसून सगळे काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच माणसाचा मेसेज: आधारचा फोटो, आणि खाली ‘भाऊ तेवढं बघा’.

८. डोळे मिचकावणाऱ्या बटणाच्या बाजूचं फिकट बटण आपलं असतं.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये साईट-ॲपवरच्या फसवणुकीच्या अशा १३ तऱ्हा सांगून त्यांच्यावर बंदी घातली. तरी परवाच एका पोराच्या तिकिटात विमा आपोआप घुसलेला होता. काढला.

९. धडा पाठ होतो तेव्हा नियम बदललेला असतो.

२०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा पाणी आलं. भूम-परंड्यात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली. आमच्याकडे मांजराकाठची रानं दिसत नव्हती, नुसतं तपकिरी पाणी. यावेळी लोक हुशार झाले होते. २०२० पाठ होतं. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये फोटो, काहींनी तर शेजारच्या झाडाला वर्तमानपत्र अडकवून तारीख दिसेल असा काढलेला. दुसऱ्याच दिवशी, ७२ तास व्हायच्या कितीतरी आधी, बाकडं भरलं.

पण त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात मिळणारा पीक विमा बंद झाला होता. शेतकऱ्याने सोयाबीनला दोन टक्के हप्ता भरायचा, आणि भरपाई ठरणार पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर. आपल्या एकट्याच्या रानाचं नुकसान कळवायची ती सोयच काढून टाकलेली. मला ते माहीत होतं. तरी मी साईट उघडली. उघडली पटकन, पहिल्यांदाच, एकही एरर नाही. नुकसान कळवायचं बटण तिथे नव्हतं.

तेच तात्या पहिल्या नंबरला होते. मी पडदा त्यांच्याकडे फिरवून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग फोन माझ्यापुढे केला आणि म्हणाले, फोटोची रंगीत प्रिंट काढून दे. कशाला, मी विचारलं. “असू दे.” मी पैसे नको म्हणालो, त्यांनी वीस रुपये टेबलावर ठेवले. प्रिंट वाळेपर्यंत थांबले, नीट घडी घालून खताच्या रिकाम्या पिशवीत ठेवली, आणि बाहेर पाऊस बघत उभे राहिले.