शरीरातील चरबी आणि आपली राहणी

जाड मनुष्य म्हणजे खादाड व आळशी, आणि बारीक मनुष्य म्हणजे चपळ व निरोगी, अशी समजूत समाजात रूढ आहे. वर्गातही एखाद्या मुलास त्याच्या अंगलटीवरून टोपणनाव पडते व ते वर्षानुवर्षे त्यास चिकटून राहते. ही समजूत कितपत खरी आहे, हे शिक्षकाने प्रथम स्वतः तपासून पाहिले पाहिजे.

चरबी ही मुळात शत्रू नव्हे. अन्नातून मिळालेली शक्ती खर्च झाली नाही, म्हणजे शरीर तिचा साठा चरबीच्या रूपाने करते. आजारपणात व उपासात तो कामी येतो. परंतु हा साठा प्रमाणाबाहेर वाढला, विशेषतः पोटात अवयवांभोवती साचला, तर मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

हा साठा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे होते. दोघांचाही शरीरभारांक २२.३ होता. तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. म्हणूनच भारतीय प्रौढांच्या बाबतीत शरीरभारांक २३ झाला की सावध व्हावे, आणि २५ च्या पुढे तो स्थूलपणा समजावा, असे तज्ज्ञ सांगतात.

या भेदाचे मूळ जन्मापूर्वीच सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. आपल्या बालकांचे स्नायू त्या मानाने फारच कमी होते. चरबी मात्र तितकी कमी नव्हती. मातेचे पोषण अपुरे असेल, तर बालक बारीक असूनही चरबीकडे झुकलेले जन्मास येऊ शकते. पुढे त्यास भरपूर खाणे व थोडे श्रम असे आयुष्य लाभले, म्हणजे धोका दुणावतो. यात त्या बालकाचा दोष तो कोणता?

आता आपल्या सोलापुरकडे पाहू. शहरातील हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, तेव्हा उठून फिरावे तर रोजगार बुडतो. अशा घरी भाकरी थापण्यास उसंत नसली, की मुलाच्या हाती पाच रुपये पडतात, आणि त्यात तळलेल्या पदार्थाची पुडी मिळते. फळ मिळत नाही. खेळण्यास अंगण नाही, रस्त्यावर वाहने, म्हणून मूल मोबाइलपुढे बसते. रात्री उशिरापर्यंत जागल्याने झोप मोडते व भूकही अवेळी लागते. या साखळीस आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

मग शाळेने काय करावे? पहिली गोष्ट, खेळाचा तास गणितासाठी घेऊ नये व शिक्षा म्हणूनही तो रद्द करू नये. मुलांस रोज एक तास अंगमेहनत हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरी, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी व शेंगदाण्याची चटणी हे आपल्या जिल्ह्याचे जेवण हलक्या प्रतीचे नव्हे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. मात्र शेंगदाणे व तेल यांचे प्रमाण सांभाळावे. तिसरी, आरोग्य तपासणीतील वजन वर्गात मोठ्याने वाचू नये. वाढत्या मुलास उपाशी ठेवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. शंका असल्यास पालकांस एकांतात सांगून डॉक्टरांकडे पाठवावे. चौथी, टोपणनाव ऐकताच ते तेथेच थांबवावे. हिणवलेले मूल मैदानापासून दूर पळते, आणि ज्या औषधाची त्यास गरज, तेच त्यास दुरावते.

सारांश, चरबी अंगावर दिसते. तिची कारणे मात्र घरात, रोजगारात, रस्त्यावर व मातेच्या ताटात असतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका प्रौढाची उंची १.६० मीटर व वजन ६४ किलो आहे. वजनास उंचीच्या वर्गाने भागून शरीरभारांक काढा. (मुलांसाठी वय व लिंग यांनुसार निराळे तक्ते असतात, वरील मर्यादा त्यांस लावू नये.)

२. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात मुले सलग किती वेळ बसून असतात, ते मोजा. त्यात कोणता बदल करता येईल?

३. गावातील गर्भवती मातांच्या आहाराविषयी अंगणवाडी सेविकेशी चर्चा करून टिपण लिहा.